निरभ्र आकाशाचं ऊन

ढग नसतील तर अमुक गावात अमुक वेळी जमिनीवर किती ऊन पडायला हवं, हे शौनक पुण्यात खुर्चीवर बसून सांगायचा. तारीख घ्यायची, सूर्य किती वर असेल ते काढायचं, हवेतली वाफ आणि धूळ वाटेत किती ऊन खाईल ते वजा करायचं आणि उरलेलं जमिनीवर टाकायचं. हे गणित त्यानं खपून खपून संगणकावर बसवलं होतं. त्याच्या संशोधन संस्थेतले लोक त्याला चिडवायचे, की कपडे वाळत घालायचे का हेसुद्धा हा संगणकाला विचारतो. शौनक हसायचा आणि त्या चिडवण्यातलं कौतुक तेवढं उचलून खिशात टाकायचा. हुशार माणसांना ही कला चांगली जमते.

गणित पारखायला मात्र खरं ऊन मोजावं लागतं. त्यासाठी त्यानं जागा निवडली ती स्वतःच्याच मुलखातली. त्याचं घर कर्जतला लागून दहिवलीत. कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या गच्चीवर त्यानं यंत्र बसवलं. यंत्र म्हणजे खांबावर बसवलेली काचेची पालथी वाटी. तिच्यातून ऊन आत जातं, आतली काळी चकती तापते आणि आकडा परस्पर पुण्याला पोचतो. वाटीवर धूळ बसली की आकडा खोटा येतो, म्हणून ती रोज सकाळी पुसणारं कुणीतरी गावातच हवं होतं.

शौनकची आई, अनसूयाबाई, हायस्कूलच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी आपली जुनी विद्यार्थिनी सुचवली, सुरभी. बारावी सायन्स झालेली आणि त्याच गावात दिलेली. नवरा जितेश कशेळे ते कर्जत जीप चालवायचा, सासरे भिवाजी शेती बघायचे. सुरभी रोज सकाळी गच्चीवर जाऊन काच पुसायची आणि दुपारी मोबाइलवर पूर्वेच्या डोंगराकडचं आभाळ धरून एक फोटो पाठवायची. तो फोटो बघून शौनक त्या दिवसापुढे ‘निरभ्र’ किंवा ‘ढगाळ’ असा शेरा मारायचा. गणित फक्त निरभ्र दिवसांचं होतं, ढगाळ दिवस बाजूला पडायचे.

सुरुवातीलाच त्याचे वरिष्ठ हेमचंद्र सर यांनी विचारलं होतं, “तिकडे धूर वगैरे काही? भट्ट्या, कारखाने?”

“छे हो सर,” शौनक म्हणाला होता. “आमच्या गावाकडचं आकाश आहे ते. तुम्ही या तर खरं, डोळे निवतील.”

तेव्हा हवेतल्या धुळीसाठी वेगळं काही मोजायचं नाही, सगळ्या कोकणपट्टीचा मिळून जो सरासरी आकडा तक्त्यात असतो तोच घ्यायचा, असं ठरलं.

हिवाळाभर गणित आणि यंत्र गळ्यात गळा घालून चालले. पडद्यावर दोन रेघा निघायच्या, एक गणिताची आणि एक मोजलेल्या उन्हाची, आणि त्या एकमेकींवर अशा बसायच्या की वेगळ्या ओळखू येऊ नयेत. हेमचंद्र सर खूश झाले. खालापूरच्या बाजूला संस्थेचं मोठं केंद्र व्हायचं होतं. तिथे यंत्रं सांभाळायला पूर्णवेळ माणूस लागणार होतं. शौनकनं सुरभीला सांगून टाकलं, “तुझंच नाव देतोय मी.”

हे त्यानं सहज सांगितलं, पण ऐकणाऱ्यानं सहज ऐकलं नाही. सुरभीच्या घरात आजवर कुठल्याही बाईला नोकरी लागलेली नव्हती. जितेशनं कशेळे ते खालापूर कसं जायचं, कुठे गाडी बदलायची, हे बायकोला तोंडपाठ करून दिलं. भिवाजींनी अर्ध्या गावाला सांगितलं, उरलेल्या अर्ध्याला त्या अर्ध्यानं. सुरभी कुणी विचारलं तर लाजायची आणि म्हणायची, “अजून पक्कं नाय.” पण चेहऱ्यावर सगळं पक्कं झालेलं असायचं.

फेब्रुवारी संपता संपता पडद्यावरच्या रेघा फुटल्या. गणिताची वर राहिली, मोजलेली खाली सरकली. रोज नाही, पण वरचेवर, आणि तेही फोटोत ढगाचा मागमूस नसलेल्या दिवशी. शौनकनं गणित तपासलं, चूक नव्हती. मग यंत्राकडे बोट गेलं आणि यंत्राकडून ते सरळ काच पुसणारीकडे गेलं. त्याला त्यात फारसा वेळ लागला नाही, हे इथेच सांगितलेलं बरं.

मार्चमध्ये हेमचंद्र सर दिल्लीच्या दोन पाहुण्यांना घेऊन गच्ची बघायला आले. ग्रामपंचायतीचा शिपाई रोहिदास चहा घेऊन वर आला, दोन सदस्य आले, भिवाजी आले आणि सुरभी ठेवणीतली साडी नेसून आली. शौनकनं लॅपटॉप उघडला. दिल्लीच्या एका पाहुण्यानं दोन्ही रेघांवर पेन टेकवलं आणि हसत हिंदीत विचारलं, की आता सूर्यावर भरवसा ठेवायचा की तुमच्यावर?

सगळे हसले. शौनकचे कान तापले. स्वतःच्या गावात, स्वतःच्या माणसांसमोर, त्याच्यावर कुणी हसलेलं त्याला सोसवेना.

“सुरभी,” तो म्हणाला, “काच रोज पुसतेस ना?”

“रोज पुसते की, सर.” एरवी ती त्याला दादा म्हणायची. पाहुण्यांसमोर सर म्हणाली.

“रोज? एकही दिवस राहिला नाही?”

“नाय राह्यला, सर.”

भिवाजी मध्ये पडले. “आवो साहेब, ती उठली का पयली वरच येते. मी बगतो ना.”

“काका, तुम्ही ती वर येताना बघता. काच पुसताना थोडंच बघता?”

यावरही कुणीतरी हसलं. भिवाजी गप्प झाले. शौनकनं लॅपटॉप उचलून सुरभीच्या समोर धरला आणि खालच्या रेघेवर बोट ठेवलं. “हे बघ. आकाश निरभ्र आहे, फोटो तुझेच आहेत. यंत्र ठीक आहे. मग ऊन कमी का पडतंय? नीट आठव. सणावाराला, घाईत, एखाद्या दिवशी. राहिलं असेल ना?”

सुरभी त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “राह्यलं असंल, सर.”

शौनकनं मान वर करून पाहुण्यांकडे बघितलं. त्याच्या तोंडावर तेव्हा जी सुटका दिसली ती काही बघण्यासारखी नव्हती.

परतताना गाडीत हेमचंद्र सर एवढंच म्हणाले, “खालापूरला दुसरं माणूस बघ.” शौनक हो म्हणाला. अहवालात त्यानं लिहिलं की काच पुसण्यात हयगय झाल्यामुळे मार्चचे आकडे विश्वासार्ह नाहीत. इथली व्यवस्था बदलेपर्यंत सुरभीनंच काम बघावं असं ठरलं, म्हणजे ज्या कामात ती नालायक ठरली होती ते तिनंच करत राहायचं होतं. गावात बातमी पसरायला जीप होतीच. भिवाजीच्या सुनेला साधी काच पुसता येत नाही, हे जितेशनं स्वतःच्याच गाडीतल्या पाशिंजरांच्या तोंडून ऐकलं.

अनसूयाबाईंना कर्जतच्या बाजारात सुरभी भेटली. त्यांनी तिला भर बाजारात सुनावलं आणि घरी येऊन मुलाला फोनवर अभिमानानं सांगितलं, “म्हटलं तिला, मी तुझ्या भरवशावर शब्द टाकला होता. काम मन लावून करायचं असतं गं.”

“काय म्हणाली?”

“काही नाही. मान खाली घालून उभी राहिली. चूक असली की माणूस असाच उभा राहतो.”

शौनकला ते ऐकून बरं वाटलं नाही, पण आपलं चुकलं असंही वाटलं नाही. त्या दोन्हींच्या मधल्या आरामशीर जागेत तो एप्रिलपर्यंत राहिला.

एप्रिलमध्ये तो सुट्टीला दहिवलीला आला. एक दिवस सकाळी मोटरसायकल काढून तो गच्चीवर जाऊन पोचला. सुरभीला कळवलं नव्हतं. काच आपल्या हातानं पुसायची, आकडा गणिताला येऊन भिडला की फोटो काढायचा आणि विषय कायमचा मिटवायचा, असा त्याचा बेत होता. पिशवीत मऊ फडकं होतं, शुद्ध पाण्याची बाटली होती. त्यानं वाटी ओल्या फडक्यानं पुसली, कोरड्या फडक्यानं पुसली, वाकून चहूबाजूंनी बघितली. मग लॅपटॉप उघडला.

आकडा खालीच होता.

त्यानं पुन्हा पुसली. यंत्र सपाट बसलंय का बघितलं, वायरी हलवून बघितल्या. आकडा हलला नाही. गणित म्हणत होतं इतकं ऊन हवं, आणि गच्चीवर ते नव्हतं. स्वतः पुसलेल्या काचेखाली नव्हतं. शौनक तिथेच कठड्यावर बसला. त्याला आधी घाम आला आणि मग काय झालंय ते त्याला कळलं.

खाली शेतात भिवाजी राब भाजत होते. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून उन्हाळ्यात जाळतात, म्हणजे तण मरतं आणि रोप तरारून येतं. कर्जत, खालापूर, मुरबाड, जिकडे भात तिकडे हे चालतं. आज एकाचं, उद्या दुसऱ्याचं, परवा चौघांचं. धूर उठतो आणि डोंगरांच्या मध्ये तुंबून राहतो. शौनक लहानपणापासून हा वास घेत आला होता. त्याला तो वास आवडायचा. त्याला विचारलं असतं तर त्यानं त्याला धूर म्हटलं नसतं, उन्हाळा म्हटलं असतं.

त्यानं मोबाइल काढला आणि सुरभीचे फोटो एकापुढे एक लावले. जानेवारीच्या फोटोत भीमाशंकरकडचा डोंगर असा समोर उभा होता की त्याच्या घळी मोजाव्यात. मार्चच्या फोटोत त्या जागी डोंगरच नव्हता, नुसतं दुधट काहीतरी होतं. दोन्हींपुढे त्यानं स्वतः ‘निरभ्र’ लिहिलं होतं. केरळातून किंवा पंजाबातून आलेला कुणीही परका माणूस तो फोटो बघून म्हणाला असता की अहो, इथे धूर आहे. शौनक इथलाच होता. इथलं मार्चचं आभाळ असंच असतं हे त्याला माहीत होतं, आणि म्हणून ते त्याला दिसलं नव्हतं.

त्याला लाज वाटली. ती एकदम वाटली नाही, टप्प्याटप्प्यानं वाटत गेली. आधी गणिताची. मग ‘डोळे निवतील’ असं सरांना सांगितलं होतं त्याची. मग भिवाजींची, की त्या म्हाताऱ्या माणसाला आपण चारचौघांत कसं गप्प केलं. आणि मग लॅपटॉप सुरभीच्या तोंडासमोर धरल्याची. तिथे आल्यावर ती पुढे सरकेना. उन्हात बसून त्याला आपला चेहरा कुठेतरी काढून ठेवावासा वाटला.

खरं तर गुपचूप निघून जाणं सोपं होतं. धुळीचा आकडा बदलायचा, उन्हाळ्यात धुराचा भाग वाढवायचा, की रेघ आपोआप खाली येऊन बसली असती. उलट एक चांगला शोधनिबंध झाला असता. काच पुसणारीचं काय झालं हे कुणीही विचारलं नसतं. हे सगळं शौनकच्या मनात येऊन गेलं, आणि आलं याचीही त्याला लाज वाटली. त्यानं हेमचंद्र सरांना फोन लावला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते उत्साहात आले. “अरे, हे उत्तम आहे! स्थानिक धूर. यावर कुणी काम केलेलं नाही त्या पट्ट्यात. लिही लगेच.”

“सर, सुरभी रोज काच पुसत होती.”

“कोण?”

“इथली. जिला आपण खालापूरसाठी नको म्हटलं. तिला घ्यायला हवं.”

“पण तिनंच सांगितलं ना की राहिलं म्हणून? पुसत होती तर तसं का सांगितलं? हे बघ, विसरणारं माणूस एकवेळ चालेल. यंत्राबद्दल खोटं सांगणारं मला चालणार नाही.”

जिन्यात पावलं वाजली. शौनकनं वळून बघितलं तर सुरभी हातात फडकं घेऊन दारात उभी होती. तिनं मोटरसायकल बघितली असावी. फोन कानाला बघून ती तिथेच थबकली. बाजूला जाऊन हळू बोलावं असा एक विचार त्याला आला. मग ज्या जागेवर तो मार्चमध्ये उभा होता तिथेच उभा राहून तो मोठ्यानं म्हणाला, “ती खोटं बोलली नाही सर. मी तिच्याकडून वदवून घेतलं. तिनं दोनदा नाही म्हटलं होतं. तुम्ही होतात, ते पाहुणे हसले होते, आणि मला कुणीतरी चुकलेलं हवं होतं.”

“हे अहवालात येईल?” सरांनी विचारलं.

“येईल.”

“मग तुझ्याबद्दल मला काय वाटायचं ते वाटेल. तिचं नाव पाठव. बघतो.” फोन बंद झाला.

सुरभी पुढे आली. ती वाळलेली दिसत होती. शौनकला तिच्या डोळ्यांत बघवेना, म्हणून तो तिच्या हातातल्या फडक्याकडे बघत बोलला. काच स्वच्छ होती, आकडे राब भाजण्याच्या धुरानं पडत होते, चूक त्याची होती, आईलाही तो आजच खरं काय ते सांगणार होता, आईसुद्धा येऊन तिला भेटेल. भिवाजीकाकांची माफी तो आता खाली जाऊन मागणार होता. नोकरीचं बहुतेक होईल. एवढं सगळं सांगून झाल्यावर त्याला थोडं हलकं वाटलं आणि तो म्हणाला, “तू त्या दिवशी मला सांभाळून घेतलंस. माझी लाज राखायला स्वतःवर घेतलंस. मी ते विसरणार नाही.”

सुरभीला ते कळलं नाही. “काय घेतलं?”

“राहिलं असेल म्हणालीस ते. रोज पुसत होतीस, तरी म्हणालीस.”

“मी कशाला खोटं बोलू, दादा?” ती म्हणाली. “मला खरंच वाटलं राह्यलं आसंल म्हनून.”

“पण तू तर रोज...”

“पुसायची. मला आठवत होतं पुसल्याचं. पन तुमी ती रेघ दाखवली. तुमी येवढं शिकलेलं, ती मशीन येवढी मोठी. ती कशाला खोटी दाखवंल? मला वाटलं, मला पुसल्यागत आठवतं नुसतं, पुसत नसंन मी.” ती हसली, पण ते हसू धड आलं नाही. “तवापासनं मला कशाचाच भरवसा वाटत नाय. गॅस बंद केला का, कडी लावली का. जीपमधी बसते नि कशेळ्यातनं परत येते घरी बगायला. ह्ये वैतागलेत. काच पुसल्यावर मी फोटो काढून ठेवते मोबाइलमधी. मग घरी जाऊन बगते, तर वाटतं ह्यो कालचा आसंल.”

इतका वेळ शौनक समजत होता की तिनं त्याच्यावर उपकार केला, आणि त्या उपकाराखाली वाकायची त्यानं तयारी केली होती. त्यात निदान तिचा मोठेपणा होता. आता तेही उरलं नव्हतं. तिनं त्याच्यावर फक्त विश्वास ठेवला होता, स्वतःच्या हातापेक्षा जास्त.

“तुझं काहीही चुकलं नव्हतं,” तो म्हणाला. “एकाही दिवशी नाही.”

“हां,” ती म्हणाली, समजूत काढणाऱ्या माणसाला म्हणतात तसं. मग खांबाजवळ गेली. फडक्याचं ओलं टोक बोटाला गुंडाळून तिनं वाटी वरून खालपर्यंत पुसली, बुडाची कड पुसली, कोरड्या टोकानं पुन्हा फिरवली. बाजूला झाली.

“तुमी हायत तर बगा ना, दादा. पुसली का मी?”

शौनकनं वाकून बघितलं. काचेत त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता. “पुसलीस.”

“नक्की?”

“नक्की. मी बघितलं ना तुला पुसताना.”

तिनं मान हलवली. थोडा वेळ ती काचेकडे बघत उभी राहिली. मग तिनं फडकं झटकलं, त्याची दुसरी बाजू वर केली आणि वाटी पुन्हा पुसायला घेतली.